युद्धकाळातील मौखिक साक्ष आणि तिचा सार्वजनिक संग्रह : तुमसर परिसराच्या संदर्भात

‘मौखिक इतिहास’ ही संज्ञा मराठीत आता पुरेशी रुळली असली, तरी तिचा विचार बहुधा इतिहासाच्या अभ्यासकांकडेच राहिला आहे. कागदपत्रांत जे सापडत नाही ते माणसांच्या तोंडून मिळवावे, अशी त्यामागील भूमिका असते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. कारण माणूस जे सांगतो ते नुसते माहितीच्या रूपात सांगत नाही. तो ते एका विशिष्ट बोलीत सांगतो, विशिष्ट प्रसंगी सांगतो आणि मुख्य म्हणजे कोणाला तरी उद्देशून सांगतो. हे ध्यानात घेतले की मौखिक साक्ष हा कथनाचाच एक प्रकार ठरतो आणि तिचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने करणे क्रमप्राप्त होते. प्रस्तुत लेखात हा विचार भंडारा जिल्ह्यातील तुमसर परिसर आणि दुसऱ्या महायुद्धाचा काळ यांच्या अनुषंगाने केला आहे. युद्धकाळात माणसांचे बोलणे टिपले गेले, तर ते कोणासाठी टिपले गेले, आणि आज त्याचा सार्वजनिक संग्रह उभारताना या ‘कोणासाठी’चे काय करायचे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

युद्ध कोठे झाले?

तुमसरमध्ये युद्ध झाले नाही. रणभूमी ब्रह्मदेशात होती, उत्तर आफ्रिकेत होती, पुढे इटलीत होती. म्हणून तुमसरच्या एखाद्या वृद्ध गृहस्थाला ‘युद्धाच्या काळात येथे काय घडले?’ असे विचारले, तर ‘युद्ध इकडे झालेच नाही’ हे उत्तर येण्याचा संभव अधिक. हे उत्तर खरे आहे आणि तरीही त्यावर थांबता येत नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. पोलादाच्या निर्मितीत मँगनीज टाळता येत नाही, आणि विसाव्या शतकातील कोणतेही युद्ध पोलादावाचून लढले गेलेले नाही. १८९६ मध्ये मध्य प्रांतात सुरू झालेल्या एका ब्रिटिश उपक्रमातून पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी उभी राहिली. १९६२ मध्ये तिच्या खाणींच्या कारभारात भारत सरकार सहभागी झाले, आणि आज ‘मॉइल’ या नावाने ओळखला जाणारा उद्योग त्यातून आकारास आला. तुमसर रोड हे मुंबई–हावडा मार्गावरील स्थानक. तेथून तिरोडीकडे जाणारा शाखामार्ग याच खनिजपट्ट्यातून जातो. म्हणजे रणभूमी दूर असली, तरी तिचा एक धागा गोबरवाहीच्या बाजूने तुमसरपर्यंत आलेला होता.

दुसरा धागा भाताचा. तुमसर ही धान आणि तांदूळ यांची जुनी बाजारपेठ. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तेथून हिंदुस्थानात येणारा तांदूळ थांबला. देशातील धान्यव्यवहारावर नियंत्रणे आली. पुढील वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे दगावली. ज्या गावाचे जगणे धानाच्या भावाशी बांधलेले आहे, त्या गावाला युद्ध कळले ते बाजारातून. ‘कंट्रोल’ हा इंग्रजी शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घरगुती झाला तो याच काळात, हे येथे सहज नोंदवून ठेवावे.

आणि तिसरी गोष्ट ऑगस्ट १९४२ ची. मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते पकडले गेले, आणि महिन्याच्या मध्यास विदर्भात चिमूर, आष्टी व तुमसर येथे जनता आणि पोलीस समोरासमोर आले. तुमसरमध्ये गोळीबार झाला, माणसे मेली. तुमसरच्या सार्वजनिक स्मरणात हा प्रसंग ठळक आहे, हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. मात्र या स्मरणाची जागा ‘स्वातंत्र्यलढा’ या सदरात आहे, ‘युद्ध’ या सदरात नाही. वास्तविक ज्या कायद्याच्या बळावर त्या दिवसांत सभा, वृत्तपत्रे आणि माणसे बंद करता आली, तो भारत संरक्षण कायदा १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावरच करण्यात आला होता. खाणमजुराची आठवण, धान विकणाऱ्या शेतकऱ्याची आठवण आणि गोळीबाराची आठवण या तिन्ही एकाच युद्धकाळाच्या आहेत. परंतु त्यांपैकी एकीलाच स्मारक मिळाले. उरलेल्या दोन कोणी विचारल्याच नाहीत.

ऐकणारा कोण?

युद्ध चालू असतानाच माणसांचे बोलणे साठवण्याचे प्रयत्न जगात झाले आहेत. त्यांतील काही येथे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण प्रत्येकात ऐकणारा निराळा आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मनीने पकडलेल्या हिंदी सैनिकांपैकी बरेच जण बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील छावणीत होते. १९१५ मध्ये प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगाची स्थापना झाली. विल्हेल्म डोगन हे त्यातील प्रमुख कार्यकर्ते. भाषाशास्त्रज्ञ छावणीत येत, कैद्याला कर्ण्यासमोर उभे करीत आणि त्याची भाषा तबकडीवर उतरवून घेत. त्यांना हवा होता तो उच्चार. माणूस काय म्हणतो ही बाब दुय्यम होती. तरीही ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंह नावाच्या एका पंजाबी शिपायाने त्या कर्ण्यात स्वतःची कहाणी सांगितली. ती त्याने ‘मी’ म्हणून सांगितली नाही. एक माणूस होता, तो घरी दूध-लोणी खात असे, तो या युद्धात आला आणि आता त्याला परत जायचे आहे, अशा लोककथेच्या वळणाने त्याने आपले दुःख तिसऱ्या पुरुषात मांडले. ऐकणारा शत्रुराष्ट्राचा अधिकारी आहे, बोलणारा बंदिवान आहे. अशा वेळी ‘मी’ म्हणणे धोक्याचे आणि कदाचित लाजिरवाणेही असते. लोककथेच्या चौकटीने त्याला बोलण्याची वाट करून दिली. हे कथनतंत्र त्या तबकडीच्या भाषाशास्त्रीय वर्णनात सापडणार नाही. ते ऐकावेच लागते. ही तबकडी आज बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहे.

सुमारे याच काळात, १९१३ ते १९२९ या वर्षांत, ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणासाठी हिंदुस्थानातही ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. त्यांत अनेकांकडून बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट आपापल्या बोलीत वदवून घेतली आहे. बोलींच्या तुलनेसाठी ही पद्धत सोयीची होती यात शंका नाही. पण बोलणाऱ्याला स्वतःचे काही सांगायचे असले, तर त्याला तेथे जागा नव्हती. बोली जपली गेली, बोलणारा मात्र बाहेरच राहिला.

दुसऱ्या महायुद्धातील दोन उदाहरणे याहून गंभीर आहेत. सोव्हिएत रशियात डिसेंबर १९४१ मध्ये इतिहासकार इसाक मिन्त्स यांच्या पुढाकाराने युद्धाच्या इतिहासाचा आयोग नेमला गेला. त्याचे सदस्य लघुलेखकांना बरोबर घेऊन स्टालिनग्राडपर्यंत गेले. सेनापती, साधे सैनिक, परिचारिका, कारखान्यातील लोक अशा दोनशेहून अधिक जणांचे म्हणणे त्यांनी त्या लढाईच्या अखेरीस व लगेच नंतर शब्दशः उतरवून घेतले. ज्या शासनासाठी हे जमवले त्या शासनालाच ते मानवले नाही; भीती, गोंधळ, शिव्याशाप असलेले हे बोलणे अधिकृत वीरकथेत बसत नव्हते. ते अनेक दशके कपाटात राहिले. योखेन हेलबेक या इतिहासकाराने त्यातील निवडक भाग २०१२ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध केला, तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती.

दुसरे उदाहरण वॉर्सातील ज्यू वस्तीचे. इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी १९४० मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह तेथील जीवनाचा गुप्त संग्रह सुरू केला. निर्वासितांच्या मुलाखती, रोजनिशा, शाळकरी मुलांचे निबंध, शिधापत्रिका, भित्तिपत्रके असे सारे त्यांनी गोळा केले. वस्तीतील लोकांना मृत्युछावणीकडे नेणे सुरू झाल्यावर, ३ ऑगस्ट १९४२ रोजी, संग्रहाचा पहिला भाग पत्र्याच्या पेट्यांत घालून जमिनीत पुरण्यात आला. पुढील वर्षी दुसरा भाग दुधाच्या बरण्यांत पुरला. पहिला भाग १९४६ मध्ये सापडला, दुसरा १९५० मध्ये. ज्यांनी तो जमवला त्यांपैकी फारच थोडे वाचले. त्यांनी ज्याच्यासाठी लिहिले तो वाचक तेव्हा अस्तित्वातच नव्हता. म्हणूनच त्यांनी काहीही क्षुल्लक मानले नाही.

३ ऑगस्टनंतर दोन आठवड्यांच्या आत तुमसर, चिमूर आणि आष्टी घडले. दोन्ही घटनांची तुलना करणे अनुचित होईल. संहाराचे प्रमाण निराळे, स्वरूपही निराळे. योगायोग केवळ यासाठी नोंदवला की, एकाच महिन्यात जगाच्या एका टोकाला लोक आपल्या साक्षी जमिनीखाली ठेवत होते, तर दुसऱ्या टोकाला त्या तोंडातच राहिल्या.

चिमूरची साक्ष

तोंडातच राहिल्या हे विधान चिमूरच्या बाबतीत मात्र पूर्ण खरे नाही, आणि म्हणून चिमूरकडे वळणे भाग आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावात लष्कर आले. लष्कर व पोलीस यांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या, तेव्हा नागपूरच्या काही सुशिक्षित स्त्रिया चिमूरला गेल्या आणि तेथील स्त्रियांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. युद्धकाळात, बंदोबस्ताखाली असलेल्या गावात, स्त्रियांनी स्त्रियांकडून ऐकून घेतलेली ही साक्ष विदर्भाच्या मौखिक इतिहासाच्या विचारात आरंभबिंदू मानावयास हवी. सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषण आरंभले. ते साठांहून अधिक दिवस चालले आणि जानेवारी १९४३ मध्ये सुटले. उपोषणाच्या व चिमूरच्या बातम्यांवर बंदी घातली गेली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस प्रकाशन बंद ठेवले.

या साऱ्या हकिगतीत एक गोष्ट डोळ्यांत भरते. चिमूरबद्दल बोलले गेले ते उपोषणातून, निवेदनांतून, संपादकांच्या ठरावांतून. खुद्द त्या स्त्रिया काय म्हणाल्या, कोणत्या शब्दांत म्हणाल्या, कोठे थांबल्या, कोणती गोष्ट ‘तसले’ म्हणून टाळून गेल्या, हे या सार्वजनिक भाषेत उरत नाही. बोललेले ऐकणाऱ्याने शिष्ट मराठीत लिहायचे, त्यावरून इंग्रजी निवेदन तयार व्हायचे, आणि सरकारने त्या निवेदनाचा इन्कार करायचा. मूळ बोलण्यापासून तीन पायऱ्या दूर गेल्यावर वाद सुरू होतो. शासनाला चौकशी टाळता आली याचे कारण राजकीय आहे हे उघड आहे. परंतु मूळ उच्चार कोठेही स्वतंत्रपणे जपलेला नसणे, हेही इन्काराला सोयीचेच असते.

आज कोणी असा उच्चार जपू पाहील, तर त्याच्यापुढे उलटा पेच उभा राहील. चिमूरच्या स्त्रीने नागपूरच्या स्त्रीला सांगितले ते एका बंद खोलीत, विश्वासाने. ते सार्वजनिक ग्रंथालयात सर्वांना ऐकण्यासाठी ठेवावे का? तिच्या नातवंडांनी ते ऐकावे का? ‘सार्वजनिक संग्रह’ या शब्दातील ‘सार्वजनिक’ म्हणजे सारे काही उघडे असा अर्थ घेतला, तर अशा साक्षी कधीच दिल्या जाणार नाहीत. संग्रह सार्वजनिक असतो तो त्याच्या मालकीमुळे, त्याच्या नियमांमुळे, त्यात काय आहे याची यादी सर्वांना पाहता येण्यामुळे. त्यातील काही कप्पे सांगणाऱ्याच्या इच्छेनुसार ठराविक मुदतीपर्यंत बंद राहू शकतात. मात्र ते बंद आहेत ही गोष्ट यादीत दिसली पाहिजे. नाहीतर पुढील पिढी समजेल की येथे काही नव्हतेच.

अर्जाचे मराठी

१९४२ च्या साक्षींना स्वातंत्र्यानंतर पुन्हा एकदा श्रोता मिळाला, तो शासनाचाच. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने केंद्र सरकारने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. १९८० मध्ये तिचा विस्तार होऊन ती सन्मान योजना झाली. तिच्या अटी सर्वश्रुत आहेत. सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास, किंवा तितकाच काळ भूमिगत राहणे, किंवा गोळीबारात वा लाठीमारात कायमचे अपंगत्व येणे, मालमत्ता जप्त होणे अशी पात्रता त्यासाठी लागे. पुरावा म्हणून तुरुंगाचा दाखला किंवा सोबतच्या बंदीचे प्रमाणपत्र जोडावे लागे.

योजना न्याय्यच होती, तिने अनेक घरांची चूल पेटती ठेवली. पण कथनप्रकार म्हणून ‘अर्जा’कडे पाहिले, की त्याने स्मृतीला कसे वळण लावले ते दिसते. अर्जात तारीख हवी, कलम हवे, शिक्षेची मुदत हवी. जमावाच्या मागे उभी राहून आपल्या मुलाला शोधणारी आई त्यात येत नाही, कारण तिला कोणते कलम लागलेले नसते. दुकान बंद करावे की उघडे ठेवावे या विवंचनेतला व्यापारी येत नाही. सुटी पडेल म्हणून खाणीवरच राहिलेला मजूर येत नाही. आणि जो येतो, तोही दरवर्षी त्याच क्रमाने, त्याच शब्दांत येऊ लागतो. मौखिक इतिहास घेणाऱ्यांना हा अनुभव येतोच. मुलाखत सुरू होताच वृद्ध स्वातंत्र्यसैनिक अर्जातला मजकूर म्हणू लागतो. ते असत्य नसते. परंतु ते इतक्या वेळा सांगितलेले असते की त्याला कथेचा नव्हे, दाखल्याचा घाट आलेला असतो. त्या घाटाच्या मागे जायला वेळ लागतो, दुसरी-तिसरी भेट लागते, आणि बहुधा घरातील दुसरे कोणी, पत्नी किंवा धाकटा भाऊ, मध्येच बोलल्यावर ती वाट उघडते.

दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयाने १९६० च्या दशकात हाती घेतलेला मौखिक इतिहासाचा प्रकल्प हा या क्षेत्रातील मोठा भारतीय प्रयत्न. २०२३ मध्ये त्या संस्थेचे नाव पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय असे झाले. तेथील मुलाखती मोलाच्या आहेत, परंतु त्यांतील बोलणारे बहुतांशी सार्वजनिक जीवनातील नामवंत आहेत. तुमसरच्या गोळीबाराची साक्ष अशा संग्रहात आलीच, तर ती प्रांतिक पुढाऱ्याच्या स्मरणातून येईल. दुसरी दिशा शाहीद अमीन यांच्या चौरीचौराविषयीच्या १९९५ मधील ग्रंथात दिसते. न्यायालयीन कागद, राष्ट्रीय आख्यायिका आणि गावातील आठवणी यांना त्यांनी एकमेकांसमोर ठेवले. कोणती एक खरी असा निकाल दिला नाही. इटलीत आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तर १९४९ मध्ये मारल्या गेलेल्या एका कामगाराचा मृत्यू लोक १९५३ मध्ये का नेऊन ठेवतात, याचाच शोध घेतला. चुकलेली तारीख ही त्यांच्या दृष्टीने दोष नसून अर्थाची खूण होती.

‘गोळी’, ‘गोरी’, ‘गोयी’

आता भाषेचा प्रश्न. तुमसर हे झाडीपट्टीतले गाव. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींचे विवेचन आले. परंतु झाडीबोलीला स्वतंत्र बोली म्हणून अभ्यासाचा आणि अभिमानाचा विषय करण्याचे श्रेय डॉ. हरिश्चंद्र बोरकर व त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. या बोलीत ‘ण’ नाही, त्याचा ‘न’ होतो. ‘ळ’ नाही, त्याचा ‘र’ होतो. ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, ‘पळाला’ हा ‘पराला’ होतो. या नियमाने ‘गोळी’ ही ‘गोरी’ होते.

उदाहरणादाखल रचलेले एक वाक्य घ्यावे: ‘गोरी चालली, मानसं पराली.’ ध्वनिफितीवरून लेखन करणारा पुण्या-मुंबईकडचा असेल, तर पहिल्या ऐकण्यात त्याला ‘गोरी’ म्हणजे गोऱ्यांची कोणी स्त्री वाटेल. १९४२ चा संदर्भ असल्यामुळे हा घोटाळा हास्यास्पद न वाटता शक्यच वाटतो. संदर्भ कळल्यावर तो ‘गोळी चालली, माणसे पळाली’ असे लिहून मोकळा होईल. अर्थ तंतोतंत तोच राहील. काय गेले?

बरेच गेले. तुमसर शहरात आणि परिसरात एकच बोली नाही. नागपुरी वळणाने बोलणारा ‘ळ’चा ‘य’ करतो, तो ‘गोयी’ म्हणेल. पोवारी बोलणारी कुटुंबे या भागात मोठ्या संख्येने आहेत. गोंडी बोलणारे आहेत, बाजारात हिंदी आहे. हिंदीत ती ‘गोली’ आहे. शाळेत गेलेला माणूस पाहुण्यासमोर ‘गोळी’ म्हणेल, आणि वर्तमानपत्र वाचणारा ‘गोळीबार’ म्हणेल. एकट्या या शब्दावरून बोलणारा कोणत्या आळीचा, कोणत्या जातीचा, किती शिकलेला आणि समोरच्याला किती परका मानतो, हे कळते. शिवाय एकच माणूस मुलाखतीच्या आरंभी ‘गोळीबार’ म्हणतो आणि तासाभराने, भान सुटल्यावर, ‘गोरी’ म्हणतो. हा बदल ज्या क्षणी होतो तो क्षण त्या मुलाखतीतील सर्वांत मोलाचा क्षण असतो. तेथे अर्ज संपतो आणि आठवण सुरू होते. प्रमाणलेखनाने हा क्षणच पुसला जातो.

शासकीय कागदात तो केव्हाच पुसला गेलेला असतो. जबानीत साक्षीदार जे बोलतो ते ‘सदर इसम’, ‘मजकूर ठिकाणी’ अशा भाषेत उतरते. हे मराठी कोणाचीच मातृभाषा नाही. तथापि त्याला टाकाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. आणखी काही न उरल्यास तेच हाती असते, आणि त्यातील एखादा न बदललेला बोलीशब्द, एखादी शिवी, अभ्यासकाला मूळ आवाजापर्यंत नेऊ शकते.

मराठीत याबाबतचे एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवल्या; त्यांची संख्या एक लाखावर गेली. २०१७ पासून त्या सार्वजनिकरीत्या ऐकण्या-वाचण्यासाठी टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. या संग्रहाचे वैशिष्ट्य संख्येत नाही. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीसोबत राहते, यात ते आहे. लोकसाहित्याच्या जुन्या संकलनांत ‘एक ग्रामीण स्त्री’ असा जो अनामिक निर्देश असे, तो येथे गेला. झाडीपट्टीत दंडार आणि खडीगंमत यांसारख्या प्रयोगांतून ताज्या घटनांवर रचना करण्याची रीत आहे. १९४२ बद्दल अशा रचना झाल्या असतील, तर त्या रचणाऱ्याच्या नावासह, आणि त्या आठवणीने म्हणून दाखवणाऱ्याच्याही नावासह, संग्रहात आल्या पाहिजेत. दोन्ही नावे हवीत, कारण दोघांचे श्रोते निराळे होते.

संग्रहाची घडण

तुमसरसारख्या ठिकाणी असा संग्रह उभारायचा तर त्याला मोठ्या इमारतीची गरज नाही. गावातील सार्वजनिक वाचनालय किंवा महाविद्यालयाचा मराठी विभाग त्यास पुरेसा आहे. अवघड आहे ती शिस्त. ध्वनी हाच मूळ दस्तऐवज मानावा, त्यावरून केलेले लेखन ही दुय्यम प्रत. लेखन दोन पातळ्यांवर व्हावे. एक बोलीत, जसे ऐकू आले तसे, थांबे व अडखळणे यांसह. दुसरे प्रमाण मराठीत, अर्थासाठी. दोन्ही शेजारी ठेवावीत, दुसऱ्याने पहिल्याची जागा घेऊ नये. मुलाखत घेणाऱ्याचे प्रश्नही लिहिले जावेत. छापील मुलाखतींतून प्रश्न गाळण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यामुळे उत्तर देणारा आपणहून बोलतो आहे असा भास होतो, आणि त्याला कोणी, कोणत्या हेतूने बोलते केले हे कळेनासे होते. खोलीत आणखी कोण होते, हेही नोंदवावे. सून दाराआड उभी असेल तर सासूची साक्ष निराळी होते.

खाणपट्ट्यासाठी निराळे प्रश्न लागतील. बालाघाटकडून, छत्तीसगढकडून खाणींवर आलेल्या कुटुंबांना ‘बेचाळीस’ विचारून काही हाती लागणार नाही. त्यांना आठवड्याची मजुरी, बाजारचा दिवस, खाणीतला मुकादम, घरात आलेला आजार विचारावा लागेल. कापड मिळेनासे झाले तेव्हा काय नेसले, मीठ व घासलेट कोठून आणले, या प्रश्नांतून युद्ध बाहेर येईल. युद्धाचे नाव न घेता युद्धाबद्दल बोलता येते, हे मल्लसिंहाने दाखवून दिलेच आहे.

मात्र एका अडचणीला बगल देता येत नाही. १९४२ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेलेले आहे. प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असणार. यापुढे जे मिळेल ते मुख्यतः ऐकीव असेल: आजीने सांगितलेले, वडिलांनी सणावाराला काढलेले, मोहल्ल्यात बोलले जाणारे. न्यायालयात ऐकीव पुरावा सहसा टिकत नाही. म्हणून संग्रहानेही तो नाकारावा काय? याचे उत्तर मराठी भाषेनेच देऊन ठेवले आहे. स्वतः न पाहिलेली गोष्ट सांगताना मराठी माणूस ‘म्हणे’ हा शब्द वापरतो. झाडीबोलीत तो ‘म्हने’ होतो. ‘त्या दिवशी दुकानं बंद होती’ आणि ‘त्या दिवशी दुकानं बंद होती म्हने’ या दोन वाक्यांत प्रामाण्याचा फार मोठा फरक आहे, आणि बोलणारा तो अत्यंत काटेकोरपणे पाळतो. आजोबांनी पाहिलेले आणि आजोबांनीही ऐकलेलेच, यांत भेद करण्यासाठी तो ‘म्हने’ कोठे घालायचा हे त्याला नेमके ठाऊक असते. लेखन करणारे मात्र ‘म्हणजे’, ‘काय ते’, ‘हो का नाही’ यांच्याबरोबर ‘म्हणे’ही पालुपद समजून गाळतात. मजकूर सुबक होतो आणि साक्ष खोटी होते. कारण न पाहिलेले पाहिल्यासारखे छापले जाते. तुमसरच्या संग्रहासाठी मुलाखतींचे लेखन करण्यास जे विद्यार्थी बसतील, त्यांना पहिल्या दिवशी एवढेच सांगावे लागेल की ‘म्हने’ ऐकू आला तेथे तो लिहायचा. आणि जेथे तो ऐकू यायला हवा होता पण आला नाही, तेथे ध्वनिफीत मागे नेऊन पुन्हा ऐकायची.